रोजची जोडणी : सी-आय वर्कफ्लोचा इतिहास, धाराशिवहून पाहिलेला



सभागृहात आज दोन प्रकारचे श्रोते दिसतायत. मागच्या बाजूला अभियांत्रिकीची मुलं-मुली आहेत. त्यांना सी-आय म्हणजे काय हे निदान परीक्षेपुरतं माहीत आहे. पुढच्या रांगांत या व्याख्यानमालेचे नेहमीचे लोक आहेत. तेर, नळदुर्ग, परंडा यांवरची व्याख्यानं त्यांनी ऐकलीयत, आणि संगणकाचा हा विषय इतिहासात कुठून आला, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतंय. मी इतिहासच सांगणार आहे. तो फार जुना नाही एवढंच. आणि तांत्रिक शब्द आला की थांबून सांगेन, म्हणजे पुढच्या रांगांची तक्रार राहणार नाही.

सी-आय म्हणजे कंटिन्युअस इंटिग्रेशन, सतत एकत्रीकरण. मी त्याला सोयीसाठी रोजची जोडणी म्हणतो. दहा जण मिळून एक सॉफ्टवेअर लिहितात. प्रत्येकाच्या संगणकावर त्याची एक प्रत असते, प्रत्येक जण आपल्या प्रतीत बदल करतो, आणि शेवटी सगळे बदल एका मुख्य प्रतीत यायला हवेत. ते आल्यावर सॉफ्टवेअर चालतं का, हे तपासायला हवं. ही जोडणी आणि ही तपासणी दिवसातून अनेकदा, लहान लहान तुकड्यांत करायची, आणि तपासणीचं काम यंत्राकडे द्यायचं. ज्या फायलीत यंत्राला सांगितलेलं असतं की काय तपास, कोणत्या क्रमाने, कोणत्या संगणकावर, ती वर्कफ्लो फाईल.

पुढच्या रांगांसाठी याहून जवळचं उदाहरण देतो. सातबारा. तुम्ही जमीन घेतली म्हणून तलाठी थेट सातबाऱ्यावर खाडाखोड करून तुमचं नाव लिहीत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते. हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मग सातबारा बदलतो. म्हणजे मुख्य अभिलेख वेगळा, प्रस्तावित बदल वेगळा, आणि मध्ये तपासणीची पायरी. मुलांच्या भाषेत बोलायचं तर फेरफार म्हणजे पुल रिक्वेस्ट आणि प्रमाणित करणं म्हणजे मर्ज. फरक इतकाच की तुमच्या तपासणीला पंधरा दिवस लागून चालत नाही. ती दहा मिनिटांत व्हायला हवी. या दहा मिनिटांवर मी पुढे येणार आहे.

आता मागे जाऊ. ही सवय लागण्याआधी काय होतं? मार्टिन फाउलर नावाचे इंग्रज लेखक आहेत, या विषयावरचा सर्वांत जास्त वाचला गेलेला लेख त्यांचा. विद्यार्थिदशेत उन्हाळ्याच्या सुट्टीत ते एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत कामाला होते. तिथल्या वरिष्ठाने त्यांना एका गोदामासारख्या इमारतीत नेलं आणि सांगितलं, हा प्रकल्प दोनेक वर्षं लिहिला गेला, आता जोडणी चालू आहे, आणि ती कित्येक महिने चालू आहे. अजून किती चालेल? कोणालाच माहीत नव्हतं. त्या काळी हे जगभर असंच होतं. प्रत्येकाने आपापला भाग महिनोन्‌महिने लिहायचा आणि शेवटी सगळे भाग एकत्र आणायचे. एका खोलीची भिंत दुसऱ्या खोलीच्या दारात आलीय, हे स्लॅब पडल्यावर कळायचं.

'कंटिन्युअस इंटिग्रेशन' हा शब्दप्रयोग ग्रेडी बूच यांच्या १९९१ च्या पुस्तकात सापडतो. पण दिवसातून अनेकदा जोडा, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. त्याच सुमाराला मायक्रोसॉफ्टमध्ये विंडोज एनटीच्या कामात रोज एकदा पूर्ण बिल्ड करायची शिस्त होती. बिल्ड म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करणं. रोज एकदा, हेसुद्धा तेव्हा फार मोठं पाऊल होतं.

खरी उडी आली क्रायस्लर या मोटारकंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पात. त्याला सी-थ्री म्हणत. १९९६ मध्ये केंट बेक तिथे गेले, आणि त्या गटातून जी पद्धत तयार झाली ती १९९९ च्या पुस्तकातून एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग म्हणून जगाला कळली. या पद्धतीत जोडणीसाठी एक संगणक बाजूला ठेवलेला असे. काही तासांचं काम झालं की दोघा जणांनी त्या संगणकापाशी जाऊन बसायचं, आपले बदल जोडायचे, सगळ्या चाचण्या चालवायच्या, शंभर टक्के पास झाल्या तरच उठायचं. नाही झाल्या तर आपले बदल काढून घेऊन जायचं. एका वेळी एकच जोडी. विहिरीवर रहाट एकच असला की पाळी लागते, तसं.

इथे लक्षात घ्या, या व्यवस्थेत कुठलंही खास सॉफ्टवेअर नव्हतं. एक संगणक, एक खुर्ची आणि पाळी. म्हणजे रोजची जोडणी ही मुळात माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द होती. यंत्र नंतर आलं. हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतोय, कारण आज मुलांना वाटतं की फाईल टाकली की सी-आय झालं. फाईल टाकलेली असते, मुख्य प्रत आठ दिवस लाल असते, कोणी बघत नाही, आणि रेझ्युमेवर लिहिलेलं असतं, सी-आयचा अनुभव. आणि हो, सी-थ्री प्रकल्प २००० मध्ये बंद पडला, हेही सांगायला हवं. पद्धत टिकली, प्रकल्प नाही.

जेम्स शोअर यांनी २००६ मध्ये एक मजेदार लेख लिहिला, रोज एका डॉलरमध्ये सी-आय कसं करायचं यावर. साहित्य काय? एक जुना संगणक, एक रबराची कोंबडी आणि एक टेबलावरची घंटी. कोंबडी ज्याच्या हातात त्याने जोडायचं. चाचण्या पास झाल्या की घंटी वाजवायची आणि कोंबडी परत ठेवायची. लोक हसले, पण त्यांचा मुद्दा तोच होता. सर्व्हर विकत घेतल्याने शिस्त येत नाही.

तरी सर्व्हर आले, आणि ते उपयोगाचे ठरले. २००० च्या सप्टेंबरात फाउलर आणि मॅथ्यू फेमेल यांचा लेख आला. २००१ मध्ये थॉटवर्क्स कंपनीच्या लोकांनी क्रूझकंट्रोल हे साधन खुलं केलं. मुख्य प्रतीत बदल आला की ते स्वतः बिल्ड करायचं आणि बिघडलं तर ज्यांनी बदल केला त्यांना मेल पाठवायचं. त्याच वर्षी थॉटवर्क्सने बंगळूरला कार्यालय काढलं, आणि समुद्रापार दोन ठिकाणी मिळून काम करताना जोडणीच्या डोकेदुखीवर रोजची जोडणीच उपयोगी पडते, असं फाउलर यांनी त्या अनुभवावर लिहिलं. भारताशी या पद्धतीचा असा सुरुवातीपासून संबंध आहे. आपल्याकडची जी मुलं पुण्याला हिंजवडी-खराडीत गेली, त्यांच्या कामात ही गोष्ट आली ती याच वाटेने. एक गट इथे संध्याकाळी काम संपवतो, दुसरा गट तिकडे सकाळी उघडतो. मुख्य प्रत मोडलेली असेल तर तिकडच्यांचा दिवस गेला.

मग आला जेनकिन्स. कोहसुके कावागुची हे सन मायक्रोसिस्टिम्समध्ये होते. त्यांच्या हातून बिल्ड वरचेवर मोडायचा आणि ते सहकाऱ्यांना आधी कळायचं, म्हणून त्यांनी २००४ मध्ये स्वतःपुरतं एक साधन लिहायला घेतलं. नाव हडसन. ते जगभर पसरलं. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि हडसन या नावावर मालकी कोणाची, यावरून वाद झाला. जानेवारी २०११ मध्ये वापरकर्त्यांनी मतदान करून नाव बदललं, जेनकिन्स ठेवलं. कोड तोच, माणसं बहुतेक तीच, नाव नवीन. हे ऐकून पुढच्या रांगांत हसू आलं, ते मला दिसलं.

कारण नावाच्या बाबतीत आपल्याला कोणी काही शिकवायची गरज नाही. आपला जिल्हा एकेकाळी नळदुर्गावरून ओळखला जात होता. मग सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून उस्मानाबाद झालं. १९८२ मध्ये लातूर जिल्हा यातून वेगळा निघाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचं नाव धाराशिव झालं, आणि जिल्हा, तालुका वगैरेंची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघाली. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. नाव योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही. मला त्या मधल्या सहा-सात महिन्यांत रस आहे. शहर धाराशिव, जिल्हा उस्मानाबाद. ज्या सॉफ्टवेअरमध्ये शहर आणि जिल्हा दोन्हीसाठी एकच शब्द कोडमध्ये घट्ट बसवलेला असेल, त्याचं या काळात काय होणार? आणि या सगळ्यात एक गोष्ट हलली नाही. गाडीची पाटी. एमएच २५ होतं, एमएच २५ आहे. क्रमांकाने ओळख ठेवणाऱ्याला काही करावं लागलं नाही. नावाने ओळख ठेवणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी जाऊन बघावं लागलं.

वर्कफ्लोच्या जगात याच्या उलटा प्रकार असतो आणि तो जास्त धोक्याचा आहे. तिथे नाव तेच राहतं आणि आतली वस्तू बदलते.

हे समजायला २०११ नंतरचा काळ थोडक्यात बघावा लागेल. बर्लिनमध्ये ट्रॅव्हिस सी-आय नावाची सेवा सुरू झाली. स्वतःचा सर्व्हर नको. तुमच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, एक छोटी फाईल टाका, तपासणी त्यांच्या संगणकावर होईल. मुक्त प्रकल्पांना फुकट. हजारो प्रकल्प तिथे गेले. २०१९ मध्ये ती कंपनी विकली गेली, २०२० च्या शेवटी फुकट सेवेवर मर्यादा आल्या, आणि जून २०२१ मध्ये मुक्त प्रकल्पांचं जुनं संकेतस्थळ बंद झालं. दरम्यान गिटहबने ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲक्शन्स ही आपली व्यवस्था जाहीर केली होती. तिची पहिली फाईल-पद्धत वर्षभरही टिकली नाही, ऑगस्ट २०१९ मध्ये यॅमल नावाच्या मांडणीत नवी पद्धत आली, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली.

आता ट्रॅव्हिसवरून ॲक्शन्सवर जायची वेळ आली तेव्हा कोणाला सोपं गेलं? ज्यांनी तपासणीच्या पायऱ्या वेगळ्या स्क्रिप्टमध्ये लिहिल्या होत्या आणि वर्कफ्लो फाईलमध्ये फक्त 'ही स्क्रिप्ट चालव' एवढंच होतं, त्यांनी दुपारभरात बाड हलवलं. ज्यांनी सगळी अक्कल त्या फाईलमध्ये ओतली होती, त्यांना ती पुन्हा लिहावी लागली. मुलांनो, हे लिहून घ्या. तपासणी तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर एका आज्ञेने चालली पाहिजे. वर्कफ्लोने तीच आज्ञा द्यायची. तसं नसेल तर चूक शोधायला तुम्हाला दर वेळी बदल ढकलून, वाट बघून, लाल फुली बघून, पुन्हा ढकलावं लागतं. कमिटच्या यादीत 'फिक्स', 'फिक्स २', 'आता तरी चाल' अशा ओळी दिसतात ना, त्या तिथून येतात.

आता नावाची गोष्ट. वर्कफ्लोत आपण लिहितो, उबुंटू-लेटेस्टवर चालव. हे संगणकाचं नाव झालं. पण लेटेस्ट म्हणजे काय? २०२२ च्या शेवटी ते २२.०४ आवृत्तीकडे गेलं, २०२४ च्या डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत हळूहळू २४.०४ कडे गेलं. तुम्ही एक अक्षर बदललं नाही आणि काल हिरवं होतं ते आज लाल. मग आवृत्तीचा आकडा लिहावा? लिहावा, पण तोही कायमचा नाही. २०.०४ हा आकडा लिहून झोपलेल्यांचे वर्कफ्लो एप्रिल २०२५ मध्ये थांबले, कारण तो संगणकच काढून टाकला गेला. म्हणून मी म्हणतो, आकडा लिहा आणि वर्षातून दोनदा तो बघायचं काम कोणाच्या तरी नावावर लावा. काम कोणाच्या नावावर नसलं की ते होत नाही, हे मी मराठवाड्यातल्या माणसांना काय सांगायचं.

यापेक्षा मोठी गोष्ट दुसऱ्याच्या कोडची. वर्कफ्लोत आपण इतरांनी लिहिलेले तयार तुकडे वापरतो, त्यांनाही ॲक्शन म्हणतात. ते घेताना नाव आणि टॅग लिहितो. टॅग म्हणजे आवृत्तीची चिठ्ठी, व्ही४ वगैरे. चिठ्ठी ही चिकटवलेली असते, ती काढून दुसरीकडे चिकटवता येते. मार्च २०२५ मध्ये नेमकं हेच झालं. टीजे-ॲक्शन्स यांचा चेंज्ड-फाइल्स नावाचा एक तुकडा आहे, कोणत्या फायली बदलल्या ते सांगणारा. साधं काम. तेवीस हजारांहून जास्त रिपॉझिटरी तो वापरत होत्या. हल्लेखोराने त्याच्या टॅगच्या चिठ्ठ्या काढून एका वाईट कमिटवर चिकटवल्या. त्या कोडने काय केलं, तर तपासणी चालू असताना संगणकाच्या स्मृतीतल्या किल्ल्या, पासवर्ड, टोकन शोधले आणि तपासणीच्या लॉगमध्ये छापून टाकले. सार्वजनिक रिपॉझिटरीचा लॉग जगाला दिसतो. घराच्या किल्ल्या वेशीवरच्या फळ्यावर टांगाव्यात, तसं.

त्यातून कोण वाचलं? ज्यांनी टॅगऐवजी कमिटचा पूर्ण चाळीस अक्षरी क्रमांक लिहिला होता ते. हा क्रमांक कोणी दिलेलं नाव नसतं, तो मजकुरातूनच हिशोब करून निघतो. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी क्रमांक बदलतो. तो काढून दुसरीकडे चिकटवता येत नाही. एमएच २५ सारखा, पण त्याहून पक्का. अडचण अशी की चाळीस अक्षरं वाचून माणसाला काही कळत नाही. म्हणून शेजारी टिप्पणीत आवृत्तीचं नाव लिहायचं, आणि क्रमांक जुना झाला की नवा सुचवणारं डिपेंडाबॉटसारखं साधन लावायचं. त्याने सुचवलेला बदल डोळे मिटून स्वीकारायचा नाही, हे ओघाने आलंच.

याच्या चार वर्षं आधीची एक घटना मला जास्त शिकवणारी वाटते. कोडकव्ह ही कंपनी चाचण्यांनी किती कोड तपासला गेला ते मोजते. तिची एक स्क्रिप्ट हजारो वर्कफ्लो इंटरनेटवरून उतरवून थेट चालवत होते. ३१ जानेवारी २०२१ पासून ती स्क्रिप्ट कोणीतरी बदललेली होती आणि वर्कफ्लोतल्या गुप्त किल्ल्या बाहेर पाठवत होती. दोन महिने कोणाला पत्ता नाही. १ एप्रिलला कळलं, ते कसं? एका ग्राहकाने उतरवलेल्या स्क्रिप्टचा हिशोबी क्रमांक आणि कंपनीने प्रसिद्ध केलेला क्रमांक ताडून बघितला. जुळला नाही. त्याने कळवलं. क्रमांक सगळ्यांसाठी प्रसिद्ध होता, ताडून बघणं फुकट होतं, आणि इतक्या लोकांत दोन महिन्यांनी एकाने ते केलं.

म्हणून वर्कफ्लोला लागेल तेवढाच अधिकार द्या. चाचणी चालवायला कोड वाचायचा अधिकार पुरतो, लिहायचा लागत नाही. फेब्रुवारी २०२३ पासून गिटहबने नव्या रिपॉझिटरींना मुळातच वाचण्यापुरतं टोकन द्यायला सुरुवात केली, पण त्याआधीच्या जुन्या ठिकाणी जाऊन तुम्हाला स्वतः बदलावं लागतं. कोतवालाला दवंडी द्यायला पाठवताना दप्तराची किल्ली सोबत देत नाही आपण. अनोळखी माणसाने पाठवलेला बदल तपासताना तर गुप्त किल्ल्या त्या खोलीतही नकोत.

आता ती दहा मिनिटं. केंट बेक यांनी बिल्ड आणि सगळ्या चाचण्या दहा मिनिटांत व्हाव्यात असं लिहिलं. कारण साधं आहे. दहा मिनिटं माणूस चहा पिऊन येतो आणि निकाल बघतो. चाळीस मिनिटं लागली की तो दुसऱ्या कामाला लागतो, आणि मग दिवसभराचे बदल साठवून एकदम टाकतो. म्हणजे पुन्हा ते गोदाम. गिटहबवर एखाद्या कामाला वेळेची मर्यादा लिहिली नाही तर ते अडकल्यावर सहा तास चालत राहू शकतं. फुकट मिनिटं संपतात आणि पोरं म्हणतात, सर, सी-आय महाग आहे. मर्यादा लिहायला एक ओळ लागते.

आणि फसव्या चाचण्या. एकदा पास, एकदा नापास, कोडमध्ये काही बदल नाही. गूगलच्या लोकांनी २०१६ मध्ये स्वतःची आकडेवारी दिली होती. त्यांच्या चाचण्यांच्या एकूण धावांपैकी दीड टक्का धावांचा निकाल असा बेभरवशाचा, आणि सुमारे सोळा टक्के चाचण्यांत थोडाफार हा दोष. त्यांच्याकडे इतकी माणसं असून. 'लांडगा आला रे आला' सगळ्यांना माहीत आहे. लाल फुली आली की 'पुन्हा चालव' बटण दाबायची सवय लागली, की खरी लाल फुलीही तशीच दाबली जाते. अशी चाचणी दिसली की त्याच दिवशी मुख्य तपासणीतून बाजूला काढा, आणि तिच्यावर नाव-तारीख टाकून दुरुस्तीला ठेवा. बाजूला काढून विसरलात तर ते चाचणी पुसल्यासारखंच आहे.

एक छोटी गोष्ट वेळेची, कारण ती आपल्याकडे फार फसवते. ठरावीक वेळी चालणाऱ्या वर्कफ्लोत लिहिलेली वेळ ग्रिनिचची धरली जाते. तुम्ही रात्री बारा लिहिलं की धाराशिवात पहाटेचे साडेपाच वाजतात. शिवाय बरोबर तासाच्या ठोक्याला जगभरचे लोक आपली कामं लावतात, म्हणून तेव्हा उशीर होतो. बारा वाजून सतरा मिनिटं असं काहीतरी लिहावं. आणि सार्वजनिक रिपॉझिटरीत साठ दिवस काही हालचाल झाली नाही तर अशी ठरावीक कामं आपोआप बंद केली जातात. कॉलेजचा प्रकल्प मे महिन्यात संपतो, रात्रीची तपासणी जुलैत बंद पडते, आणि पुढच्या वर्गाला वाटतं ती चालूच आहे.

एवढं माझं बोलणं. आता प्रश्न.

(पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा होता : आम्ही तिघांचाच गट आहोत, आम्हाला याची गरज काय?)

तिघांनाच जास्त गरज आहे. मोठ्या कंपनीत तपासायला वेगळी माणसं असतात, तुमच्याकडे नाहीत. आणि तिघांपैकी एकाला कॅम्पसमधून नोकरी लागून तो पुण्याला गेला की त्याच्या डोक्यातलं सगळं त्याच्याबरोबर गेलं. वर्कफ्लो फाईल ही नवीन संगणकावर हा प्रकल्प शून्यापासून कसा उभा करायचा याची लिहिलेली आणि रोज तपासली जाणारी कृती आहे. रीडमीमध्ये लिहिलेली कृती जुनी होते आणि कोणाला कळत नाही. ही जुनी झाली की लाल होते. एकच पायरी घाला, बिल्ड होतो का एवढंच बघणारी. फाईलमध्ये एखादी विचित्र ओळ असेल तर ती का आहे हे शेजारी मराठीत लिहिलं तरी चालेल, पण लिहा.

(दुसरा प्रश्न एका निवृत्त शिक्षकांचा : यात मराठीचा काही संबंध येतो का, की सगळं इंग्रजीच?)

सर, फार चांगलं विचारलंत. दऱ्या आणि दर्या. एक डोंगरातल्या, एक समुद्र. आचाऱ्यास आणि आचार्यास. एक स्वयंपाकी, एक गुरू. पहिल्या शब्दातला तो अर्धा र, डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा, मराठीला हवा असतो आणि हिंदीला सहसा लागत नाही. म्हणून ज्याने फक्त हिंदीत तपासलं त्याच्या हातून तो मोडू शकतो, आणि मोडला तरी त्याला दिसत नाही. त्यासाठी कोणीतरी अपेक्षित अक्षर आधी लिहून ठेवावं लागतं.

हे काम झालेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं पुण्यात झालं. रेड हॅटच्या पुण्याच्या कार्यालयातल्या भाषागटाने लोहित हे मुक्त फॉन्ट सांभाळले. लोहित म्हणजे तांबडा, कंपनीच्या नावावरूनच. आधी लोहित मराठी वेगळा होता, हिंदीचा वेगळा, नेपाळीचा वेगळा. पुढे ते एकत्र करून लोहित देवनागरी झाला, म्हणजे एक दुरुस्ती तीन ठिकाणी करायची वेळ गेली. त्याच कामातून कोणत्या अक्षरक्रमाचं रूप कसं दिसायला हवं याचे संच तयार झाले, यूटीआरआरएस नावाने.

हे संच हार्फबझ या प्रकल्पाच्या चाचण्यांत गेले. हार्फबझ हे अक्षरं जुळवणारं इंजिन आहे. अँड्रॉइड फोन, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस, सगळीकडे जोडाक्षरं तेच बसवतं. तुमच्या हातातल्या फोनवर 'ऱ्या' नीट दिसतो तो बहुधा त्याच्यामुळे. तो प्रकल्पही ट्रॅव्हिसवर होता, मग ॲक्शन्सवर आला, चाचण्या जशाच्या तशा सोबत आल्या. जगात कुठेही कोणी त्यात बदल सुचवला, अरबीसाठी असो की थाईसाठी, की देवनागरीच्या चाचण्या चालतात. बदल करणाऱ्याला मराठी यायची गरज नाही. त्याला फक्त लाल फुली दिसते.

त्या चाचण्यांत एकेका ओळीत फॉन्टची फाईल, युनिकोड क्रमांक आणि अपेक्षित अक्षररूप असं लिहिलेलं असतं. आणि मघापासून आपण ज्यावर बोलतोय ते तिथेही आहे. चाचणीसाठी घेतलेल्या अनेक फॉन्टच्या फायलींना फॉन्टचं नाव दिलेलं नाही. फाईलच्या मजकुरातून निघालेला चाळीस अक्षरी क्रमांक, तेच तिचं नाव. उद्या लोहितचं नाव बदललं, आवृत्ती बदलली, तरी चाचणी ज्या फॉन्टवर लिहिली होती त्याच फॉन्टवर चालेल. घरी गेल्यावर रिपॉझिटरी उघडून बघा. टेस्ट या फोल्डरच्या आत जायचं, फॉन्ट्स नावाचा फोल्डर शोधायचा. यादी लांब आहे.